मुतखडा कुणाला होत नाही?

माझ्या कपाटात एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत एक खडा आहे. दादरच्या दाण्याएवढा, तपकिरी, काटेरी. फेकून द्यायला हवा, पण सहा वर्षं झाली, फेकवत नाही. इतक्याशा वस्तूने मला एसटीच्या सीटवर दुमडून टाकलं होतं.

मे महिना होता. धुळ्याहून शिरपूरला परत येत होते. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर. सोनगीर गेलं आणि पाठीत डाव्या बाजूला काहीतरी खुपायला लागलं. नरडाणा येईपर्यंत ते खुपणं पोटातून खाली उतरून जांघेत गेलं होतं. बसता येईना, उभं राहता येईना. शेजारच्या मावशींनी पदराने वारा घातला, पाठ चोळली आणि एका शब्दात निदान केलं, "मुतखडा." तापीचा पूल कधी ओलांडला ते मला आठवत नाही.

सोनोग्राफीत मावशी बरोबर निघाल्या. चार मिलीमीटर. डॉक्टर म्हणाले, एवढा पडून जाईल. औषधं दिली आणि एक प्रश्न विचारला, "दिवसातून लघवीला किती वेळा जाता?" मी खरं सांगितलं. सकाळी घरून निघताना एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर एकदा. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

घरी मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: बोअरचं पाणी. आमच्याकडे मुतखड्याचं कारण विचारायची गरजच पडत नाही. पाणी जड आहे, माठाला पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल वर्षात पांढरी होते, मग किडनीचं काय होत असेल! आईने दूध बंद केलं, टोमॅटो बंद केले, पालक तर घरात यायचा बंद झाला. आजी कुळथाचं कढण करून पाजायची आणि वर म्हणायची, "पानी पेत जाय, माय."

अकराव्या दिवशी खडा पडला. त्यानंतर एक साधी शंका माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. आमच्या घरात सहा माणसं. सगळी एकाच बोअरचं पाणी पितात, एकाच पातेल्यातली भाजी खातात. खडा मला एकटीला झाला. मग बाकीच्या पाच जणांना तो का झाला नाही?

या शंकेमागे जात मी बरंच वाचलं आणि एक गंमत लक्षात आली. माणूस मुतखडा कसा काढायचा याचा विचार हजारो वर्षं करत आलाय. बहुतेकांना तो का होत नाही, हा प्रश्न मात्र गेल्या शंभरेक वर्षांतला आहे.

नव्या घड्यातला गाळ

आमच्या माठाच्या पांढऱ्या थरापासूनच सुरुवात करू, कारण सुश्रुतानेही तिथूनच केली होती. सुश्रुतसंहितेत मुतखड्याला अश्मरी म्हटलंय आणि निदानस्थानात त्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. खडा कसा तयार होतो हे सांगताना तिथे एक उपमा येते. नव्या घड्यात अगदी स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळाने तळाशी गाळ बसतो, मूत्राशयात खडा होतो तो असाच. दोन हजार वर्षांपूर्वीची ही उपमा आमच्या आईच्या तर्काहून एक पाऊल पुढे आहे. आई म्हणते पाणी वाईट. सुश्रुत म्हणतो पाणी स्वच्छ असलं तरी चालेल, ते साचून राहिलं की झालं.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात शस्त्रक्रियाही आहे. औषधांनी काम झालं नाही तर मूत्राशय चिरून खडा काढायचा. पण त्याआधी राजाची किंवा धन्याची परवानगी घ्यायची, कारण चिरलं नाही तर मरण नक्की आणि चिरलं तर जगण्याची खात्री नाही. आज ऑपरेशनआधी नातेवाइकांची सही घेतात त्याचाच हा पूर्वज. आणखी एक नोंद तिथे आहे: हा रोग बहुतेक लहान मुलांना होतो. आज वाचताना हे खटकतं. मुतखडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिशी-चाळिशीतला माणूस येतो. सुश्रुताच्या डोळ्यांपुढे लहान मुलं होती. याकडे पुढे परत येऊ.

खड्याचा सर्वांत जुना पुरावा इजिप्तमधला आहे. तिथल्या अल-अमरा या ठिकाणच्या प्राचीन दफनभूमीत १९०१ साली एका किशोरवयीन मुलाच्या सांगाड्यात, कमरेच्या हाडांमध्ये एक खडा सापडला. तो मुलगा पिरॅमिडांच्याही आधीचा. ग्रीकांकडे हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यांच्या शपथेत खड्यासाठी चिरण्याचं काम आपण करणार नाही, ते त्या कामातल्या लोकांवर सोडू, अशी कबुली आहे. म्हणजे तेव्हाही हे काम वैद्यांना नको असलेलं, पण कुणीतरी करायलाच हवं असं होतं.

आग्रा रोडवरची गोष्ट

पुढची शेकडो वर्षं खड्याचा इतिहास म्हणजे चिरण्याचा इतिहास आहे. भूल नाही, जंतूंची माहिती नाही. रोग्याला दोरांनी बांधायचं, चार माणसांनी धरायचं आणि शस्त्रवैद्याने होईल तितक्या लवकर खडा बाहेर काढायचा. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६५८ साली असा खडा काढून घेतला आणि जगला, म्हणून पुढे तो दरवर्षी ती तारीख साजरी करायचा.

या इतिहासाचं एक पान आमच्या रस्त्यावर आहे. शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पळासनेरला महाराष्ट्र सोडतो आणि सेंधव्यावरून इंदूरला जातो. आमच्याकडचे पेशंट आजही मोठ्या दवाखान्यासाठी एक तर नाशिक गाठतात नाहीतर इंदूर. १८७८ साली बॉस्टनच्या हेन्री बिगेलो या सर्जनने एक नवी पद्धत जाहीर केली. पोट किंवा जांघ न चिरता लघवीच्या मार्गातून नळी घालायची, खडा आतच चुरडायचा आणि चुरा धुऊन ओढून घ्यायचा. युरोपातल्या सर्जनांचं मत पडलं की मोठ्या माणसांसाठी हे ठीक, पण लहान मुलांचा मार्ग इतका अरुंद असतो की तिथे हे जमणार नाही.

ते जमतं हे दाखवलं इंदूरमध्ये. तिथे रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डेनिस कीगन यांनी १८८०च्या दशकात लहान मुलांवर ही पद्धत वापरली, एकामागून एक मुलं बरी करून घरी पाठवली आणि त्याचे अहवाल छापले. त्यानंतर युरोपातल्या डॉक्टरांना आपलं मत बदलावं लागलं.

या कौशल्याचं कौतुक वाटतंच. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. इतका सराव होण्यासाठी तेवढी मुलं यावी लागतात. मूत्राशयात खडा झालेली लहान मुलं, बैलगाडीतून आणलेली, त्यांचे हवालदिल आईबाप. सुश्रुताने पाहिलेली मुलं एकोणिसाव्या शतकातही तशीच रांगेत उभी होती. आणि आज? आज माझ्या ओळखीत मुतखडा झालेले डझनभर लोक आहेत, त्यात एकही लहान मूल नाही. ती मुलं कुठे गेली?

कुन्नूरचे उंदीर

याचं उत्तर शोधायला आपल्याला इंदूर सोडून निलगिरीत जावं लागेल. तिथे कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर आहारावर संशोधन करत होते. त्यांची प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांना एक गोष्ट छळत होती. हिंदुस्थानच्या काही भागांत खड्याचे रोगी ढिगाने येतात आणि काही भागांत जवळपास नाहीतच. असं का?

त्यांनी उंदरांना वेगवेगळे आहार दिले. ज्या उंदरांना मुख्यत्वे धान्य दिलं, ज्यात अ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि क्षारांचा तोल बिघडलेला होता, त्यांच्या मूत्राशयात खडे झाले. त्याच आहारात पुरेसं दूध घातलं की खडे होईनात. १९३१ साली त्यांनी हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांवर पुढे सगळे सहमत झाले असं नाही, पण एक मोठी गोष्ट टिकली. लहान मुलांच्या मूत्राशयातला खडा हा गरिबीच्या ताटाचा रोग होता. अंगावरचं दूध सुटलं की नुसतं एका धान्याचं पेज किंवा भाकरी, दूध नाही, डाळ नाही, वर जुलाब आणि त्यामुळे अंगातलं पाणी कमी. अशी लघवी घट्ट आणि आंबट होते, तिच्यात खड्याला आवर घालणारे फॉस्फेटसारखे घटक कमी पडतात. जिथे मुलांच्या ताटात दूध-डाळ आली तिथून हा रोग उठत गेला. युरोपातून आधी गेला, आपल्याकडून नंतर.

म्हणजे त्या मुलांना वाचवलं ते शेवटी दुधाच्या वाटीने. कुन्नूरच्या प्रयोगाचा माझ्या दृष्टीने खरा अर्थ असा, की खडा होऊ नये यासाठी शरीराकडे स्वतःची काही तरी व्यवस्था आहे आणि पोटात पुरेसं पडलं नाही की ती कोसळते. आता ती व्यवस्था पाहू.

पाक आणि लिंबू

गुलाबजामचा पाक कधी केलाय? गरम पाण्यात भरपूर साखर विरघळते. पाक थंड झाला की त्यात नेहमीपेक्षा जास्त साखर असते, तरी तो पातळ दिसतो. पण भांड्याच्या कडेला साखरेचा एक कण राहिला की त्याभोवती दाणे धरू लागतात आणि सकाळी सगळा पाक साखरलेला. म्हणून घरातली जाणती बाई त्यात लिंबू पिळते.

आपली लघवी हा असाच पाक आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. इतकं आटवल्यावर त्यात कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचं प्रमाण इतकं वाढतं, की साध्या पाण्यात ते दोन्ही त्या प्रमाणात राहूच शकणार नाहीत, स्फटिक होऊन तळाशी बसतील. बहुतेक मुतखडे याच दोघांचे असतात. धडधाकट माणसाची लघवीही बहुतेक वेळा अशीच असते, म्हणजे हिशोबाने प्रत्येकाला खडा व्हायला हवा. मग तो होत का नाही?

या उलट्या प्रश्नाची उत्तरं विसाव्या शतकात तुकड्यातुकड्याने, भलत्याच ठिकाणी सापडत गेली. १९५० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल फ्लूच्या विषाणूवर काम करत होते. विषाणूला अडवणारं काही लघवीत आहे का हे पाहताना त्यांना एक प्रथिन सापडलं. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं हेच ते प्रथिन. ते स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही, हे पुढे कळलं. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या किडनीत कॅल्शियमचे स्फटिक धरू लागले.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांना लघवीत पायरोफॉस्फेट नावाचं रसायन सापडलं. ते अगदी थोडं असलं तरी कॅल्शियमचे स्फटिक वाढू देत नाही. त्या शोधाचा धागा धरून पुढे हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं निघाली. आपल्या आजीला आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायला सांगतात ती गोळी बहुतेक याच घराण्यातली.

या रखवालदारांमध्ये सर्वांत भरपूर असतं ते सायट्रेट. लिंबाच्या रसात असतं तेच, पण शरीर ते स्वतःही बनवतं. सायट्रेट काय करतं? ते आधीच जाऊन कॅल्शियमचा हात धरतं. सायट्रेटशी जोडी जमलेलं कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं राहतं आणि ऑक्झलेटला जोडीदार मिळत नाही. मॅग्नेशियम हेच काम दुसऱ्या बाजूने करतं, ते ऑक्झलेटला धरून ठेवतं. पाकातल्या लिंबाची रासायनिक क्रिया वेगळी आहे, पण काम तेच: दाणे धरू द्यायचे नाहीत.

एवढं करूनही स्फटिक होतातच. १९६९ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात संशोधकांनी निरोगी माणसांची आणि वारंवार खडे होणाऱ्यांची ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. स्फटिक दोघांच्याही लघवीत होते. फरक असा, की निरोगी माणसांचे स्फटिक बारीक आणि सुटे होते, तर रोग्यांचे मोठे आणि एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले. स्फटिक होणं हा रोग नाही. तो अडकला, वाढत बसला, की रोग.

तो अडकू नये म्हणून वाहतं पाणी असतं. किडनीच्या सूक्ष्म नळ्यांमधून लघवी काही मिनिटांतच पार होते, तेवढ्या वेळात स्फटिकाला नळी अडवण्याइतकं वाढायला फुरसत मिळत नाही. पुढे मूत्रनलिका वीत-सव्वा वीत लांबीची, आणि ती नुसता पाइप नाही. अन्ननलिका घास ढकलते तशी तीही लाटा काढून लघवी खाली ढकलत राहते, आपण झोपलो तरी. भिंतीला एखादा स्फटिक चिकटलाच तर तिथल्या पेशी त्याला गिळून विरघळवायचा प्रयत्न करतात. तरीही काही वेळा कण घट्ट चिकटतो. १९३७ साली फिलाडेल्फियाच्या अलेक्झांडर रँडल यांनी मृतदेहांच्या किडन्या तपासताना आतल्या टोकांवर कॅल्शियमचे पांढरट चट्टे पाहिले आणि त्यातल्या काहींवर लटकलेले बारीक खडे. माझाही खडा अशाच एखाद्या चट्ट्यावर महिनोन्‌महिने वाढत बसला असेल.

आईची चूक, डॉक्टरांचीही

आता दुधाकडे येऊ. खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद. आईचा हा तर्क चूक आहे, पण तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. कित्येक वर्षं जगभरचे डॉक्टर हेच सांगत होते. १९९३ साली अमेरिकेतल्या पंचेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निघालं नेमकं उलटं: जेवणातून सर्वांत जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे सर्वांत कमी. कारण असं, की जेवणातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट आतड्यातच एकमेकांना भेटतात आणि शौचावाटे निघून जातात. दूध-दही-ताक बंद केलं की ऑक्झलेट एकटं उरतं, आतड्यातून रक्तात शिरतं आणि किडनीपर्यंत पोचतं. तेव्हा भाजी-भाकरीबरोबर ताक पिणारी आमची आजी नकळत पहिला बांध आतड्यातच घालत होती. आतड्यात ऑक्झलेट खाऊनच जगणारा एक जिवाणूही असतो, त्याला १९८५ साली नाव मिळालं. तो पोटात असला की खडे टळतात का, हे मात्र प्रयोगांतून अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

आणि बोअरचं पाणी? जड पाण्यात कॅल्शियम असतं हे खरं. ते प्यायल्यावर लघवीतलं कॅल्शियम वाढतं हेही खरं. पण अभ्यासात त्याबरोबर मॅग्नेशियम आणि सायट्रेटही वाढलेलं दिसलं, म्हणजे चोराबरोबर रखवालदारही आत आले. जड पाणी आणि मुतखडा यांचा पक्का संबंध अजून दाखवता आलेला नाही. पाणी किती प्यायलं, याचा संबंध मात्र दाखवता आलाय. इटलीतल्या पार्मा शहरात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना परत खडा झाला, दुसऱ्यात २७ टक्के. हा निकाल १९९६ साली छापून आला. कुळथाच्या कढणात आणखी काही गुण असतील-नसतील, पण आजी दिवसाला दोन तांबे कढण पाजायची, त्यातलं पाणी नक्कीच कामाला आलं.

(दोन गोष्टी इथेच सांगते. दुखण्याबरोबर ताप आला किंवा लघवी होईनाशी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखान्यात जा. आणि ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.)

पाणी अडवा, पण कुठे?

शिरपूरचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते पाण्यामुळेच. आमच्या तालुक्यात दक्षिणेला तापीकाठचा गाळ आणि उत्तरेला सातपुड्याचा काळा पाषाण. भूजल खोल खोल गेलं होतं. २००४च्या सुमारास निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी, अमरीश पटेल यांच्या पाठबळावर, इथले नाले रुंद आणि खोल करून त्यांवर ओळीने बंधारे घालायला सुरुवात केली. पाणी जिथे मुरायचं थांबलं होतं तो थर कापून ते खाली जिरवायचं, अशी कल्पना. हाच तो 'शिरपूर पॅटर्न'. नाले इतके खोल खणावेत का यावर तज्ज्ञांचे आक्षेपही आले आणि तो वाद महाराष्ट्रभर झाला. पण आमच्या शिवारात विहिरींना पाणी आलं, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

पाणी अडवायचं, जिरवायचं, थांबवायचं, हे ऐकत मी मोठी झाले. आणि त्याच काळात मी माझ्या शरीरातही पाणी अडवायला शिकत होते.

आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होतं. त्याला दार होतं, कडी नव्हती. पाणी नव्हतं. आत पाय ठेवायची सोय नव्हती. पाचवी-सहावीत आम्ही सगळ्या जणी एक गोष्ट शिकलो, ती कुठल्याही पुस्तकात नव्हती: सकाळी पाणी प्यायचं नाही. म्हणजे जावं लागत नाही. कॉलेज धुळ्याला, मग नोकरी धुळ्याला. स्टँडवर तीच गत. सवय इतकी मुरली की तहान लागायचीच बंद झाली, असं मला वाटायचं.

शरीर काय करत होतं ते आता कळतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री, अंगातलं पाणी घामावाटे चाललेलं. रक्त घट्ट होतंय हे मेंदूला कळतं, तो किडनीला निरोप पाठवतो: पाणी सोडू नकोस. किडनी पाणी राखते, लघवी गडद होते, पाक आटत जातो. किडनी इथेही अगदीच बेसावध नसते. लघवीत कॅल्शियम फार वाढलं तर मेंदूचा हुकूम थोडा सैल करून जास्त पाणी सोडायची सोय तिच्यात असावी, असं १९९७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पण अंगात पाणीच नसेल तर ती सोडणार काय? जीव वाचवायचा की खडा टाळायचा, यात शरीर जीव निवडतं. सायट्रेट, मॅग्नेशियम, ते न्यूयॉर्कला सापडलेलं प्रथिन, सगळे आपापल्या जागी काम करत राहतात, पण त्यांना वाहतं पाणी लागतं. ते पाणी मी रोज दहा तास बंद ठेवलं होतं.

आमच्या घरातल्या बाकी पाच जणांचा हिशोबही मग लागला. आई, आजी, काकू घरी असतात. बाबा आणि काका शेतात, दिवसभर पाणी पितात आणि बांध कुठलाही चालतो. खड्याला आनुवंशिकता असते, वजन, जेवणातलं मीठ, मांस अशी आणखी कारणं असतात, आणि माझ्यात त्यातलं काही असेलही. पण घराबाहेर दहा तास न पिता काढणारी सहा जणांत मी एकटीच होते.

मागच्या जूनमध्ये भाऊ सुरतहून बदली होऊन घरी आला. त्याची मुलगी आता सातवीत आहे, माझ्याच जुन्या शाळेत. संध्याकाळी तिचं दप्तर आवरताना मी तिची पाण्याची बाटली उचलली. सकाळी मीच भरून दिली होती. ती तशीच होती, झाकणापर्यंत भरलेली.

मी तिला विचारलं, "बेटा, प्यायली नाहीस?"

तिने खांदे उडवले. "आत्या, तिथे जाता येत नाही ना."

शनिवारी शाळेत पालकसभा आहे. आई म्हणतेय, नातीसाठी पाण्याचा फिल्टर बसवायला सांग. मी एक कडी, एक बादली आणि एक नळ मागणार आहे. डबी बरोबर नेणार आहे.